प्रश्न तुमचे: पीसीओडी पण आणि पिशवीत पडदा पण?

गेल्या अंकात पीसीओडीत, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी या बीजांडकोशाच्या त्रासात, पाळी का लांबते, म्हणजे बीज वेळेवर फुटत नाही म्हणून लांबते, एवढंच लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणींनी पुढचाच प्रश्न टाकलाय, की मला पीसीओडी तर आहेच पण तपासणीत पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा, आकारही वेगळा निघालाय, हे एकातून दुसरं झालंय का. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्याच भोवती. नावं कुणाचीच छापत नाही. आणि डॉक्टर लोक पीसीओएस म्हणतात, आपण सगळे पीसीओडी म्हणतो, मी पीसीओडीच लिहितेय, त्यावरून पत्र पाठवू नका.

प्रश्न : मॅडम, माझं वय २९, लग्नाला साडेतीन वर्षं झाली. कॉलेजपासून पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन अडीच-अडीच महिने येत नाही, वजन ७८ किलो. दिवस एकदाही राहिले नाहीत. मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. आता इथल्या डॉक्टरांनी नळ्यांचा एक्सरे काढला, नळ्या मोकळ्या आहेत पण पिशवी आतून व्ही आकाराची दिसते, पडदा आहे, दुर्बिणीने कापावा लागेल म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फिल्म बघून सांगितलं की ही दोन शिंगांची पिशवी आहे, कापायचं काही नाही. पीसीओडीमुळेच पिशवी अशी झाली का? आधी ऑपरेशन करू की आधी पीसीओडीची ट्रीटमेंट? घरातले सगळे म्हणतात एकदाचं कापून टाका. (सांगली जिल्हा)

उत्तर : "एकदाचं कापून टाका" हे मी पंचवीस वर्षं ऐकतेय, त्यामुळे आधी तिथेच थांबा म्हणते. तुम्हाला एकदाही दिवस राहिलेले नाहीत. पडदा असो नाहीतर शिंगं असोत, त्याने सहसा दिवस राहायचे थांबत नाहीत, राहिलेले टिकायला त्रास होऊ शकतो. दिवस न राहण्याचं तुमच्याकडे धडधडीत कारण वेगळंच आहे, वर्षातून बारा-तेरा वेळा फुटायचं ते बीज जेमतेम चार-पाच वेळा फुटतंय आणि तेही कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. मग आधी कुठलं काम हातात घ्यायचं ते उघड आहे.

आता पीसीओडीमुळे पिशवी अशी झाली का. नाही झाली, तारखाच जुळत नाहीत. तुमची पिशवी तयार झाली तेव्हा तुम्ही आईच्या पोटात होतात. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भात डावी-उजवीकडे एकेक बारीक नळी तयार होते, योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन १८३० साली केलं म्हणून त्या म्युलेरियन नळ्या. त्या खाली सरकत मध्यभागी येतात, एकमेकींना चिकटतात, आणि मग मधली भिंत हळूहळू विरघळते, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत हे काम उरकलेलं असतं. ज्या टप्प्याला काम अडलं तसा दोष राहतो. नळ्या वरच्या भागात चिकटल्याच नाहीत तर दोन शिंगी पिशवी, चिकटल्या पण भिंत राहिली तर पडदा, एक बाजू वाढलीच नाही तर एकशिंगी. आणि ओव्हरी या नळ्यांपासून बनतच नाही, तिचा उगम गर्भात वेगळ्या जागी असतो, म्हणून पिशवी निम्मी असलेल्या बाईच्याही दोन्ही ओव्हरी बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

एक गोष्ट मात्र नेटवर वाचून बऱ्याच जणी घाबरतात. तुमच्या फाइलमध्ये एएमएच नावाची टेस्ट असेल, त्याचं पूर्ण नाव अँटी म्युलेरियन हार्मोन, म्हणजे नावातच या नळ्यांशी वैर. गर्भ मुलाचा असेल तर आठव्या आठवड्याच्या आसपास त्याच्या वृषणातून हे हार्मोन सुटतं आणि नळ्या विरघळवून टाकतं, म्हणून पुरुषाला गर्भाशय नसतं. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच माणसाने १९४० च्या दशकात सशाच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं की वृषणातून असं काहीतरी येतं. पुढे कळलं की बायकांच्या ओव्हरीतल्या बारीक बारीक फॉलिकलमधूनही, म्हणजे ज्यांत बीज वाढतं त्या फुग्यांमधूनही, तेच हार्मोन येतं, पीसीओडीत अशी फॉलिकल ढिगाने असतात म्हणून एएमएच चढं येतं, आणि मग वाचणारीला वाटतं की सापडला चोर, याच हार्मोनने माझी पिशवी बिघडवली. पण मुलीच्या ओव्हरीतून एएमएच सुरू होतं ते पोटातल्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला, तोवर पिशवी बांधून रंग देऊन तयार असते. आईला पीसीओडी असेल तर तिच्या एएमएचचं काय, असंही एकीने विचारलंय. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या टीमने गाभण उंदरांना एएमएच टोचून बघितलं तेव्हा पिल्लांत पीसीओडीसारखी लक्षणं आली खरी, पण ते आईच्या मेंदूतल्या हार्मोनच्या रस्त्याने, आणि ते सगळं काम पीसीओडी पुढच्या पिढीत कसा जातो यावर होतं, पडद्यावर नव्हतं.

मग दोन्ही एकत्र का दिसतात? काही छोट्या अभ्यासांत पीसीओडीवाल्यांत पिशवीचे दोष जरा जास्त सापडले हे खरं, पण माझं स्पष्ट मत सांगू का, आपण ज्यांच्याकडे जास्त बघतो त्यांच्यात जास्त सापडतं. पीसीओडीच्या बाईची सोनोग्राफी सतराव्या वर्षी होते, बाविसाव्या वर्षी होते, लग्नानंतर तर दर महिन्याला होते. जिची पाळी घड्याळासारखी येते आणि वर्षभरात पाळणा हलतो तिच्या पिशवीत पडदा होता की नाही ते कोण बघायला जातं. २०११ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज करून बघितली गेली तेव्हा सर्वसाधारण बायकांत ५.५ टक्के जणींना पिशवीचा काही ना काही जन्मजात फरक होता, मूल होत नाही म्हणून आलेल्यांत ८ टक्के, गर्भ पडलेल्यांत १३.३, आणि दोन्ही त्रास असलेल्यांत २४.५. पीसीओडी तर शंभरातल्या ८ ते १३ जणींना असतो. इतक्या कॉमन दोन गोष्टी एकाच बाईत भेटणं म्हणजे तुमच्या सांगलीच्या एसटीत दोन पाटील शेजारी बसण्यासारखं आहे, नातं निघेलही, पण निघायलाच पाहिजे असं नाही.

त्या फिल्मबद्दल. दोघं डॉक्टर भांडतायत असं समजू नका, ती फिल्म दोघांनाही खरं सांगतच नाहीये. एक्सरेत जे पांढरं दिसतं ती पिशवीच्या आतली पोकळी, औषध भरल्यावर दिसते ती. कौलारू घर डोळ्यासमोर आणा. घर एकच, आढं एकच, फक्त आत मधोमध एक भिंत उभी राहिलीय, हा पडदा. दुसऱ्या घरात छपरंच दोन आहेत आणि मधल्या पन्हळीत पावसाचं पाणी साचतं, ही दोन शिंगी. खोलीत उभं राहून बघितलं तर दोन्ही घरांत भिंतच दिसणार, फरक बघायला बाहेर अंगणात यावं लागतं. ते अंगण म्हणजे थ्रीडी सोनोग्राफी, तिच्यात पिशवीचा बाहेरचा काठ दिसतो, वरून १ सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल खाच असेल तर दोन शिंगी, काठ सपाट किंवा गोल असेल तर पडदा. तरी शंका राहिली तर एमआरआय. मात्र एक सांभाळा, थ्रीडी करायची ती पाळीच्या उत्तरार्धात, अस्तर जाड असतं तेव्हा, म्हणजे पोकळीची कड उठून दिसते. तुमच्यासारख्या पीसीओडीवालीला हा उत्तरार्ध कधी येतो हेच माहीत नसतं, त्यामुळे कधीही जाऊन करून आलात तर पातळ अस्तरात अर्धा पडदा चुकतो. बीज फुटल्यानंतर आठवड्याने, किंवा पाळी आणायच्या गोळ्या चालू असताना, डॉक्टरांना विचारून तारीख धरा. माझ्या मते पीसीओडी आणि पडद्याचा खरा संबंध कुठे लागत असेल तर तो असा तपासणीच्या टेबलावर लागतो.

आणि पडदाच निघाला तर कापायचा का? ज्यांचा दोन-तीन वेळा गर्भ पडलाय त्यांच्यासाठी बरेच डॉक्टर कापा म्हणतात, मीही काही जणींना म्हटलंय. पण आधीचे बहुतेक अभ्यास "ऑपरेशनच्या आधी इतकी मुलं गेली, नंतर इतकी जगली" अशा हिशोबाचे होते आणि त्यात गोची अशी की दोनदा गर्भ पडलेल्या बाईचं तिसऱ्यांदा न कापताही बऱ्याचदा टिकतं. नेदरलँड्सच्या पुढाकाराने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एक ट्रायल झाली, ८० बायका जमवायला २०१० पासून २०१८ उजाडलं, निकाल २०२१ मध्ये आला. पडदा कापलेल्यांत ३१ टक्के जणींना बाळ झालं, न कापलेल्यांत ३५ टक्के. संख्या लहान आहे, त्यामुळे कापणं चूक असा अर्थ मी काढत नाही, पण एकदाही दिवस न राहिलेल्या बाईने पहिल्याच फिल्मवर धावत जाऊन टेबलावर झोपावं इतकं काही सिद्ध झालेलं नाही एवढं नक्की. तसा कापायचा मोह जुनाच आहे. पीसीओडीचं वर्णन १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी ७ बायकांवरून केलं, आणि त्यांनीही ओव्हरीचा पाचरीसारखा तुकडा कापूनच काढला होता. पाळी सातही जणींची सुरू झाली, दिवस राहिले दोघींना. पुढे कित्येक वर्षं ते ऑपरेशन चाललं, मग लक्षात आलं की आत चिकटाचिकटी होऊन नवीनच दुखणं मागे लागतं, आणि गोळ्या आल्यावर ते मागे पडलं.

तुमच्यासाठी आजची गोळी लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, आणि मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज किती वाढलं ते सोनोग्राफीत बघत राहणं. ही मूळची ब्रेस्ट कॅन्सरची गोळी, २०११ मध्ये आपल्याकडे मूल होण्यासाठी ती वापरायला बंदीसुद्धा आली होती, नंतर उठली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओडीच्या ७५० बायकांवर झालेल्या ट्रायलमध्ये लेट्रोझोलवाल्यांत २७.५ टक्के आणि जुन्या क्लोमिफेनवाल्यांत १९.१ टक्के जणींना बाळ झालं, तेव्हापासून हीच पहिली. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठी वाचताना "अगं ही तर कॅन्सरची" ऐकून गोळ्या फेकून देणाऱ्या दोघी-तिघी मला दरवर्षी भेटतात, तुम्ही त्यात जाऊ नका. वजनाचं म्हणाल तर ५ टक्के म्हणजे तुमचे चार किलो, एवढ्यानेही बऱ्याच जणींचं बीज आपोआप फुटायला लागतं, वीस किलो उतरवायचा संकल्प सोडून द्या. आणि तीन महिन्यांच्या वर पाळी अडवून ठेवू नका, आतलं अस्तर नुसतंच वाढत राहणं चांगलं नाही. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत पडद्याचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा, फाइलच्या तळाला नको.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये "रेट्रोव्हर्टेड" लिहिलंय, म्हणजे पिशवी उलटी. पीसीओडी पण आहे. शेजारच्या काकू म्हणतात उलट्या पिशवीत मूल राहत नाही, सरळ करून घ्यावी लागते. हा पण जन्मजात दोष का? (पुणे)

उत्तर : नाही. पाचातल्या एका बाईची पिशवी मागे झुकलेली असते, डावखुरं असण्यासारखं आहे ते. बहुतेकींना त्याचा काही त्रास नसतो आणि मूल राहायला तर मुळीच नाही. दिवस राहिले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती आपणहून वर उचलली जाते. रिपोर्टमध्ये "आर्क्युएट" असं लिहिलेल्याही चार जणींनी विचारलंय, तीही वरून किंचित कमानीसारखी दबलेली पिशवी, तिला नॉर्मलच धरा. काकूंना नमस्कार सांगा.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिला अजून पाळीच आली नाही. बाकी अंग वयाप्रमाणे भरलंय. दोन वर्षांपूर्वी पोटाची सोनोग्राफी झाली, ओव्हरीत गाठी आहेत पीसीओडी आहे म्हणाले, पाळी यायच्या गोळ्या तीनदा दिल्या पण डागसुद्धा लागला नाही. आता मोठ्या शहरात नेलं तर एमआरआयमध्ये पिशवीच नाही निघाली. मॅडम, आधी पीसीओडी होता त्याने पिशवी सुकली का? मुलीला अजून काही सांगितलं नाही. तिचं पुढे कसं होणार? (मराठवाडा)

उत्तर : ताई, काही सुकलं नाही. पिशवी जन्मापासूनच तयार झालेली नव्हती, वरच्या उत्तरात ज्या दोन नळ्यांचं लिहिलंय त्या वाढल्याच नाहीत की असं होतं. साधारण पाच हजार मुलींत एक, म्हणजे तुमच्या तालुक्यात ती एकटी नसणार. याला एमआरकेएच म्हणतात, हे चार अक्षरांचं नाव लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगायला लागेल.

चूक कुठे झाली तेही सांगते कारण ही चूक मी पुन्हा पुन्हा बघते. पीसीओडीत पाळी उशिरा येते, मध्येच बंद पडते, पण पाळी आणायची गोळी दिली की बहुतेक वेळा येते. तीनदा गोळ्या देऊन डागही लागला नाही तर कारण ओव्हरीच्या पलीकडे शोधायला हवं होतं, तेव्हाच. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी नाही तर तपासायचं, "आमच्यात उशिराच येते" म्हणून सोडायचं नाही. आणि कोवळ्या मुलींच्या ओव्हरीत बारीक फॉलिकल भरपूर असतातच, म्हणून पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नये असं आता जागतिक गाइडलाइनच सांगते, तुमच्या मुलीची तर पाळी सुरूच झालेली नव्हती. तिला पीसीओडी असूही शकतो, ओव्हरी आहेत म्हटल्यावर त्यांचा आजारही होऊ शकतो, पण पिशवी नसण्याचं कारण तो नाही.

राहिलेल्या तपासण्या करून घ्या, क्रोमोझोम आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी, कारण असंच दिसणारी दुसरी एक अवस्था असते ती वेगळी काढायला लागते. किडनीची सोनोग्राफी तर नक्कीच, यातल्या साधारण तिघींतल्या एकीची किडनी एकच किंवा भलत्या जागी असते, किडनी आणि पिशवी गर्भात शेजारी शेजारी वाढतात म्हणून. योनीमार्ग आखूड असेल तर पहिला उपाय ऑपरेशनचा नसतो, डायलेटर नावाच्या नळ्या असतात, त्या तिने स्वतः रोज थोडा थोडा वेळ वापरायच्या, दहातल्या नऊ जणींना त्याने पुरतं. पण ते तिला करावंसं वाटेल तेव्हा. लग्न ठरतंय म्हणून पंधरा दिवसांत उरकायचं काम नाही ते.

आणि तिला सांगा ताई. ती सतरा वर्षांची आहे, एमआरआयच्या मशीनमध्ये ती झोपली होती, तुम्ही नाही, तिला काहीतरी आहे हे कळलेलं आहेच, काय आहे तेवढंच कळलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ती मोबाईलवर शोधणार आणि तिथे सगळं एकदमच सापडतं, खरं खोटं मिसळून. डॉक्टरांकडे तिला एकटीला पंधरा मिनिटं बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.

मूल म्हणाल तर तिच्या ओव्हरीत बीज आहे, त्यामुळे तिच्याच बीजाचं मूल आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब आणि सरोगसी म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवून होऊ शकतं. २०२१ च्या कायद्यापासून पैसे घेऊन सरोगसी करता येत नाही आणि त्यासाठी परवानग्यांची बरीच कागदपत्रं असतात. दुसरा रस्ता लांबचा आणि अवघड आहे पण तो आपल्या राज्यातून गेलाय म्हणून सांगते. गर्भाशय रोपणानंतर जगातलं पहिलं बाळ स्वीडनमध्ये २०१४ मध्ये झालं, आणि भारतातलं पहिलं गर्भाशय रोपण १८ मे २०१७ ला पुण्यात गॅलेक्सी केअर हॉस्पिटलमध्ये झालं. सोलापूरची २१ वर्षांची मुलगी होती, जन्मतः पिशवी नव्हती, आईने आपली दिली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच रोपण झालेल्या दुसऱ्या एका बाईला बाळ झालं, तिलाही पिशवी तिच्या आईचीच. मोठं ऑपरेशन, शरीराने पिशवी नाकारू नये म्हणून रोज औषधं, मूल झालं की पिशवी परत काढायची, असं सगळं असतं, म्हणून आज काही ठरवू नका. अजून तिची बारावी व्हायचीय.

प्रश्न : वय ३३, एएमएच ९.२, पीसीओडी. लेट्रोझोलच्या सहा सायकल, आययूआय (वीर्य नळीने पिशवीत सोडतात ते) दोनदा फेल. आता लॅप्रोस्कोपीत कळलं की पिशवी एकशिंगी आहे, डावी बाजू नाहीच, छोटंसं बोंड आहे म्हणे. आयव्हीएफ करायचंय. डॉक्टर एकच गर्भ सोडू म्हणतात. एवढा खर्च करून एकच का? जुळं झालं तर एकदाच मोकळं होता येईल. (नाशिक)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांच्या हातावर पेढा ठेवा, बरोबर सांगतायत. पीसीओडी आणि पिशवीचा दोष दोन्ही असलेल्या बाईची खरी अडचण ही आहे बघा. एका बाजूला ओव्हरी अशी की सुई लागली की वीस-पंचवीस अंडी देणारी, आणि दुसऱ्या बाजूला पिशवी निम्मी. एकशिंगी पिशवीत एकाच बाळाची डिलिव्हरी लवकर व्हायची, बाळ पायाळू राहायची शक्यता जास्त असते, तिथे जुळं म्हणजे दोघांच्या एसटी सीटवर चौघं. सातव्या महिन्यात जन्मलेली दोन बाळं काचेच्या पेटीत किती दिवस राहतात आणि त्याचं बिल किती होतं हे एकदा कुठल्याही लहान मुलांच्या दवाखान्यात विचारून या, मग मोकळं होण्याचा हिशोब करा.

तुम्हाला लेट्रोझोल दिलं तेव्हा ही पिशवी माहीत नव्हती, त्या सहा महिन्यांत जुळं राहिलं नाही हे एका परीने बरंच झालं. बाकी तीन गोष्टी विचारून घ्या. एक, ते डावीकडचं बोंड. त्यात आतून अस्तर आहे का? असेल तर आयव्हीएफच्या आधी ते काढायचं का यावर बोला, कारण क्वचित गर्भ तिथे रुजतो आणि ते फुटलं तर जिवावर बेततं. दर महिन्याला एकाच बाजूला कळ येत असेल तर आवर्जून सांगा. दुसरं, डावी किडनी आहे का ते बघितलंय का, एवढ्या फाइलमध्ये ते कुणी लिहिलेलं नसतं. तिसरं, सगळे गर्भ फ्रीज करून पुढच्या महिन्यात सोडणार का. पीसीओडीत इंजेक्शनांनी ओव्हरी सुजून पोटात पाणी होण्याची भीती असते. चीनमध्ये पीसीओडीच्या दीड हजार बायकांवर ट्रायल झाली, २०१६ मध्ये निकाल आला, त्यात ताजा गर्भ सोडलेल्यांत ७.१ टक्के जणींना हा त्रास झाला, फ्रीज करून सोडलेल्यांत १.३ टक्के, आणि बाळं उलट फ्रीजवाल्यांतच जास्त झाली. थांबायचा कंटाळा येतो हे मला कळतं, पण हा एक महिना द्या. दिवस राहिले की पाचव्या महिन्यापर्यंत पिशवीच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत मोजत राहायची, टाका सरसकट नको, तोंड आखूड होतंय असं दिसलं तरच.

प्रश्न : आमच्या सूनबाईंना पीसीओडी आहे म्हणून लग्नानंतर कळलं, ते ठीक आहे म्हटलं. आता पिशवीत जन्मापासून पडदा आहे म्हणतात. जन्मापासून होतं तर तिच्या माहेरच्यांनी लग्नाआधी का सांगितलं नाही? दोन दोन दोष लपवले. मुलाने काय करावं? लग्नाला अडीच वर्षं झाली. (कोकण)

उत्तर : काकू, जन्मापासून असलं म्हणजे जन्मापासून माहीत असतं असं नाही. पडद्याने दुखत नाही, पाळी येते, चालता बोलता काही दिसत नाही. तो कळतो मुळात मूल होईना म्हणून तपासलं तेव्हा, म्हणजे तुमच्या घरी आल्यावरच. तिच्या आईला माहीत असतं तर चांगलंच होतं, पण माहीत असायला काही रस्ताच नव्हता. तुमच्याही पिशवीत होता की नव्हता हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे, तुम्हाला मुलं झाली आणि विषय संपला.

तुमचं दीड पानी पत्र मी दोनदा वाचलं. सूनबाईंच्या सोनोग्राफ्या पाच, रक्ताच्या तपासण्या तीनदा, नळ्यांचा एक्सरे एकदा, सगळ्याच्या तारखा तुम्ही व्यवस्थित लिहिल्यात. मुलाच्या तपासणीची एकही तारीख नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं, कधी एकटं कधी जोडीला, आणि ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची. मुलाने काय करावं विचारलंत ना, तर संबंधानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून सकाळी लॅबमध्ये जावं, नमुना शक्यतो तिथेच द्यावा, घरून न्यायचा तर खिशात शरीराच्या उबेला धरून तासाच्या आत पोचवावा. रिपोर्टची तारीख मला कळवा, बाकीचं पुढच्या अंकात बोलू.